पहिली शिकार

आकाशातून ससाण्याची मादी दगडासारखी कोसळली आणि तळ्याकाठच्या गवतात एका बदकाची फडफड विझली. गफूरचाचांचे डोळे भरून आले. मोडका पंख घेऊन त्यांच्या शुश्रूषा केंद्रात आलेलं हे पाखरू स्वतःची शिकार साधेल, त्या दिवशी त्याला मोकळं आकाश मिळणार होतं. हिवाळाभर तिचा झडप घालण्याचा नेम हुकत आला होता. दर वेळी चाचा तिला चिडवत, "चुकलात, बेगमसाहेबा?"

आज ते धावत सुटले. पहिल्या शिकारीचं काळीज शिकवणाऱ्याने आपल्या हाताने भरवायचं, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज होता. कमरेची सुरी काढून ते वाकले आणि तिथेच थबकले. बदकाच्या डोळ्यांवर दुधाळ साय धरली होती. बाकीचा थवा केव्हाच उडून गेला होता. याला मात्र उडताच आलं नव्हतं.

"चाचा, हात लावू नका!" केंद्राची डॉक्टर हातातला फोन उंचावत बांधावरून ओरडली. "आत्ताच कळलं, पलीकडच्या तळ्यावर बर्ड फ्लू निघालाय. तिनं खाल्लं का काही?"

ससाणीच्या चोचीवर ओलं रक्त होतं. ती मान उचलून, रिवाज ठाऊक असल्यासारखी, चाचांच्या सुरीकडे पाहत राहिली.

चाचांनी सुरी हळूच म्यानात सरकवली.

"बेगमसाहेबा," ते पुटपुटले, "आजही चुकला असतात, तर काय बिघडलं असतं?"