पाच मीटर मागे

गवताळ माळ झाले, डोंगर झाले, आणि मंगोलियातल्या सहलीचा हा शेवटचा, वाळवंटातला दिवस. 'ग्राउंड जे' नावाचा वाळवंटी पक्षी शोधायला सगळे टेकाडावर गेले होते. त्याच्याच फोटोसाठी कुमुद सांगलीहून आली होती, पण गुडघ्यांनी ऐनवेळी दगा दिला. ती खालीच स्टूल मांडून भडंग खात बसली.

सांडलेले दाणे टिपायला तो स्वतःच तिच्या पायाशी हजर झाला.

तिने हळूच कॅमेरा उचलला, तर सगळं धूसर. एवढ्या मोठ्या लेन्सला पक्षी निदान पाच मीटर लांब लागतो. ती उठून एक पाऊल मागे सरली, तर तो दोन उड्या पुढे आला.

"अरे बाबा, जरा लांब हो ना," ती कुजबुजली.

असं करता करता तिची पाठ जीपला टेकली आणि तो उडून गेला.

गाईड निनाद धापा टाकत खाली आला. "काकू, वरून झकास फोटो मिळाला त्याचा. फक्त तुम्ही मध्ये आलात. क्रॉप करतो."

"खबरदार," ती म्हणाली. "तुम्ही सगळे त्याच्या मागे होतात आणि तो माझ्या मागे होता, याचा तेवढाच पुरावा आहे."