सुकं लाकूड

चिता काय पेटेना. डिझेल ओतलं, टायर घातला, तरी नुसता वरवरचा भडका उडायचा आणि विझायचा. गडबच्या स्मशानातली लाकडं आठवडाभर पावसात भिजलेली, त्यात शेडचे दोन पत्रे वाऱ्यानं उडालेले. आणि वर गुणाजी. रोह्यापर्यंतची लग्नं गिटारीवर वाजवलेला गुणाजी, अर्धवट काळा होऊन तसाच पडलेला! धाकटा भाऊ हिरामण सुपानं वारा घालून घालून रडकुंडीला आला. लोक एकेक करून मागं सरकायला लागले.

पेणचा दत्तात्रेय तेवढा हलला नाही. जुन्या गिटारी गोळा करायचा त्याला नाद, आणि गुणाजीच्या गिटारीवर त्याचा कधीपासून डोळा. मयताला येतानासुद्धा तिच्यासाठी नवीकोरी रेक्झिनची खोळ घेऊन आलेला, काखेत घडी घालून! सगळ्यांना दिसत होती.

तेवढ्यात बांधावरून बायजा आली, गुणाजीची बायको. भर पावसात, पदराखाली गिटार झाकून.

"वयनी, बायांनी हितं नाय यायचं गो!" हिरामण ओरडला.

बायजानं गिटार त्याच्या हातात दिली. "ही खाली घाल."

दत्तात्रेय धावतच मधे आला. "काकी, येड लागलं काय? अशी दुसरी नाय हो कुठं! मी पेणवरनं टेम्पोभर लाकडं आणतो. आत्ता आणतो!"

"टेम्पो येईस्तोवर हे असेच पडून राहणार? कुत्री फिरतायत."

"अहो पण हिची किंमत..."

"परवा ह्यांच्या खाटेशी बसून तुमीच बोललात ना, हिच्यावर टिचकी मारून? साठ वरसं सुकलेलं लाकूड हाय, म्हणून किंमत." बायजानं पदर पिळला. "आख्ख्या गडबात दुसरं सुकं लाकूड दाखवा मला."

दत्तात्रेय बाजूला सरकला.

हिरामणनं गिटार मोडायला पाय उचलला, पण पाय खाली येईना. मग अख्खीच आत सरकवली. काडी लावली तशी भस्सकन पेटली, धूर नाय काय नाय! पण पत्र्यातून पाण्याची धार नेमकी तिथंच पडत होती. दत्तात्रेयानं खोळ उलगडली, एक टोक हिरामणच्या हातात दिलं, आणि दोघं ती जाळावर ताणून उभे राहिले. हळूहळू बाजूच्या लाकडांनी पेट घेतला.

आतून टण्णकन आवाज आला.

"बारकी तार," हिरामण म्हणाला. "कायम तीच आधी तुटायची."