रॅम्पवरचं लिंबू

लकवा झाल्यापासून तोताराम नानांची फुटपाथवरच्या टपरीतली चहाची बैठक मोडली होती. पिंप्राळ्यात त्या फुटपाथवर चढायला व्हीलचेअरसाठी रॅम्प झाला, तशी त्यांच्या बायकोला, बेबाबाईला, आशा वाटली. पण रॅम्पवर रोज स्कूटरी उभ्या. हात जोडून झाले, भांडून झालं. ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी ठेवली, तर लोक तिलाच टेकवून स्कूटर लावायला लागले.

मग एका सकाळी रॅम्पच्या मधोमध हळदकुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू दिसलं. दिवसभर एकही गाडी लागली नाही.

संध्याकाळी बेबाबाईने ऐटीत खुर्ची रॅम्पपाशी आणली. नानांनी चांगल्या हाताने चाक गच्च धरलं.

“मागं घे. यावरून मी नाही जायचा.”

“अहो, मीच ठेवलंय ते!”

नानांनी चाक आणखीच आवळलं.

“कोणाच्या नावानं व?”