चष्म्यातला चहा

कॉलेजच्या लॅबमध्ये केतकीने तो जाडजूड व्हीआर चष्मा चढवला, की मुलाखत घ्यायला तीन आभासी साहेब समोर हजर व्हायचे. पहिलाच प्रश्न ठरलेला, "चहा घेणार?"

"नको, नको," ती सवयीने म्हणायची आणि आग्रहाची वाट पाहत बसायची. चष्म्यातला साहेब कसला आग्रह करतोय! तो सरळ पुढच्या प्रश्नाला लागायचा. शेवटी शेरा उमटायचा: उमेदवार संकोची, दोन गुण वजा.

"अगं, हवा असेल तर हो म्हण ना!" लॅबच्या मॅडम वैतागल्या. मग महिनाभर केतकीने 'हो' घोटून घेतलं.

खऱ्या मुलाखतीत ती कंपनीच्या तीन साहेबांसमोर बसली. मधले साहेब फायलीतून डोकं वर न काढता म्हणाले, "चहा घेणार?"

"हो. साखर कमी."

साहेबांचं पेन थांबलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काढून ठेवायला आता चष्माही नव्हता.

"शिंदे, चार कप आणा, पटकन!" साहेब दारातल्या शिपायाला म्हणाले आणि खुर्चीत सैलावले. "अहो, सकाळपासून अकरा जण 'नको' म्हणून गेले. समोरच्याला सोडून आम्ही तरी कसा घेणार?"