लाडोबाच्या कानात

मी इथल्या वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण. आजी-आजोबांचं मन हलकं व्हावं म्हणून आमच्याकडे दर गुरुवारी लाडोबा नावाचा गुबगुबीत कुत्रा येतो. एकेक जण त्याच्या कानाशी वाकून काहीबाही कुजबुजतो, आणि लाडोबा डोळे मिटून सगळं ऐकून घेतो.

"माझ्या लेकापेक्षा हा बरा, मध्ये तोंड घालत नाही," पोस्टमास्तर आजोबा म्हणतात.

गेल्या गुरुवारी लाडोबाची मालकीण सहज बोलून गेली, "वय झालं हो त्याचं. वर्षभरापासून ठार बहिरा आहे."

मला वाटलं, आता सगळे हिरमुसणार. पण छे! "अगं बाई, आणि आपण मेलं कुजबुजत बसलोय!" शिवणवाल्या आजी कळवळल्या. बहिऱ्याशी कसं बोलायचं, हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यांनी लाडोबाच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडल्या, "लाडोबा, माझ्या खोलीतल्या गणिताच्या बाई माझी बिस्किटं चोरतात!"

गणिताच्या बाई तरातरा पुढे आल्या. "लाडोबा, हे पोस्टमास्तर पत्त्यांत रोज लबाडी करतात!"

पोस्टमास्तरांनी तर छपरच हादरवलं. "लाडोबा, स्वयंपाकीणबाईंचं सूप मी रोज कुंडीत ओततो! ते झाड उगाच नाही वाळलं!"

तेव्हापासून आश्रमात कोणी कोणाशी बोलत नाही.



आज गुरुवार. लाडोबासाठी दारापर्यंत रांग लागलीय, आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून मी सगळ्यांत पुढे उभी आहे.