साठ सह्या

माझ्या नातीला साधे आवाजही सहन होत नाहीत. ध्वनी-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यासाठी खास संगीत दिलं होतं. रोज दुपारी अर्धा तास तिला हेडफोन लावून ते ऐकवायचं आणि वहीतल्या चौकोनात सही करायची, हे काम माझ्याकडे होतं.

बाईंनी वही चाळली. साठच्या साठ चौकोन भरलेले.

"आजोबा, एक दिवस चुकला नाही तुमचा! तरी मिक्सर लागला की ही पलंगाखालीच शिरते. म्हणजे हा उपाय हिला लागू पडत नाही. थांबवू या."

सुनेचा चेहरा उतरला. "बाबांनी तर रोज झोपमोड करून केलं हो सगळं."



सात वर्षांची नात येऊन माझ्या मांडीला रेलली. "आजोबांना रागवू नका हं. ते रोज लावतात. मलाच नीट ऐकता येत नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो उचलवेना.

"बाई, थांबवू नका," मी म्हणालो. "यातली पहिली सही तेवढी खरी आहे. बाकी एकोणसाठ दुपारी मी झोपलो होतो."