नऊ चिलापी

"नऊच आहेत ना?" मंदाकिनीबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं.

"नऊच. आत्ताच मोजले," गॅलरीतून वाघमारे म्हणाले. माशांच्या खाण्याचा डबा खुळखुळला. मग पंपाची घरघर आणि खडीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

उत्तरेश्वर वाघमारे पोस्टातून रिटायर झालेले. मांजरीतल्या नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि टीचभर गॅलरी. त्या गॅलरीत मासे आले ते मुलीमुळे. पूर्वा खराडीला आयटी कंपनीत होती. ऑफिसात बसून तिने इंटरनेटवर काय काय बघितलं, आणि एका रविवारी निळा ड्रम, पंप, पाइप आणि खडीचं पोतं घेऊन ती दारात उभी राहिली.

"खाली मासे, वर भाजी," ती म्हणाली. "माशांच्या घाणीवर भाजी वाढते आणि भाजी पाणी साफ करून परत माशांना देते. मातीच लागत नाही, आई."

"मातीशिवाय भाजी! याचाच पगार देतात का गं तुला?" बाई म्हणाल्या.

पण नाद लागला तो बाईंनाच. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन उडवायचं, खडीवर चांगले जंतू धरेपर्यंत महिनाभर कळ काढायची, मग थोडेसेच मासे सोडायचे, सगळं त्यांनी वहीत उतरवून घेतलं. नऊ चिलापी सोडल्या. पहिला पालक निघाला तेव्हा शेजारच्या सोजरबाईंना हाताला धरून आणलं.

"बघा, नुसता झटकायचा आणि चिरायचा. मातीचा कण सापडला तर नाव बदलीन."

वाघमाऱ्यांनी एकदा तो पालक सवयीने नळाखाली धरला, तर बाई केवढ्या चिडल्या. "अहो, धुताय काय? मंडईतला आहे का तो?" तेव्हापासून वाघमारे पालक धुवायचे नाहीत. सांगितलेलं एकदा डोक्यात बसलं की बसलं, असा माणूस.

उन्हाळ्यात बाईंना कॅन्सर निघाला. दर तीन आठवड्यांनी किमो. तिसऱ्या डोसानंतर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता पुरे. मला परत नेऊ नका."

डॉक्टर म्हणत होते, आठ डोस पुरे झाले तर आशा आहे. पूर्वाने समजावलं, हातापाया पडली. बाई हलल्या नाहीत. मग वाघमारे रडले. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, तेही मुलीसमोर.

बाईंना ते बघवेना. बराच वेळ त्या पाण्याचा आवाज ऐकत पडल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "ते नऊ आहेत तोवर येईन. ते गेले की मला न्यायचं नाही. शब्द द्या."

"दिला," वाघमारे म्हणाले.

चौथ्या डोसाला बाईंना ताप भरला. दोन रात्री दवाखान्यातच ठेवलं. त्यात आला गुरुवार. दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट जाते तशी ती सकाळीच गेली. लाइट नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे पाण्यात हवा नाही. ताप राहिला बाजूला, बाईंचा सगळा जीव ड्रमात अडकला. शेवटी वाघमारे घरी जाऊन आले.

"पोपटने बॅटरी जोडली होती," ते म्हणाले. पोपट म्हणजे सोसायटीचा वॉचमन. "नऊच्या नऊ आहेत." आणि घटाघटा पाणी प्यायले.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, टाकीच्या पाण्याला हात लावायचा नाही, जंतूंची भीती आहे. वाघमारे गॅलरीचं दार लोटून ठेवू लागले. सकाळी फिरून यायचे, पिशवी ठेवायचे, डबा खुळखुळवायचे आणि आकडा सांगायचे. डोसाच्या दिवशी पालक आणून बाईंच्या पुढ्यात ठेवायचे. भाजी निवडणं तेवढं बाईंनी सोडलं नव्हतं. घरच्या पालकाचं पातळ वरण केलं की निदान चार घास पोटात जायचे.

पाचवा डोस झाला, सहावा झाला. सातव्यानंतर बाई चार दिवस उठल्या नाहीत. आठव्याचं नुसतं नाव काढलं तरी त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

आज तो आठवा होता.

"पानं बारीक झालीत हो," जुडी हातात घेत बाई म्हणाल्या.

"थंडी आहे ना," वाघमारे म्हणाले. "तू निवड. मी रिक्षा बघून येतो."

ते जिना उतरल्याचा आवाज आला. बाईंनी पालक निवडला. पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवली, हलक्या हाताने खळबळली आणि वर काढली. तळाशी काळी माती बसली.

बाईंना नवल वाटलं नाही. भिंतीला धरत त्या उठल्या. गॅलरीचं दार ढकललं आणि ते गढूळ पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं, गेल्या तिन्ही वेळांसारखं. राहिलेली माती बोटाने पुसून घेतली. शेजारी निळा ड्रम होता. पाणी तळापर्यंत नितळ दिसत होतं. पंप ते उचलून नुसत्या खडीवर टाकत होता आणि खडीतून ते परत ड्रमात येत होतं. त्यात काहीच हलत नव्हतं.

मागे चप्पल वाजली. रिक्षा आज गेटवरच मिळाली होती. वाघमारे उंबऱ्यात उभे होते. त्यांनी ड्रमाकडे बघितलं, बाईंच्या हातातल्या पातेल्याकडे बघितलं.

बाईंनी पातेलं उपडं ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मोजले मी," त्या म्हणाल्या. "नऊच्या नऊ आहेत. चला, रिक्षावाला खोळंबलाय."